गोठ्यातल्या मांजरांचे जेवण

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गोठ्यातल्या चार मांजरांना रोज पोटभर खायला घालूनही उंदीर वाढतच चालले आहेत, तेव्हा घालणेच बंद करावे का, असे तू विचारले आहेस. बंद करू नकोस. उपाशी मांजर जास्त उंदीर मारते, हा आपल्याकडे घरोघरी असलेला समज खरा नाही. शिकार हा मांजराचा स्वभाव आहे, भरल्या पोटीही ते ती करतेच. उलट उपाशी मांजर अन्नाच्या शोधात दुसऱ्याच्या वस्तीवर जाते, नाहीतर कल्याण-नगर रस्त्यावर गाडीखाली सापडते. उंदीर वाढले ते मांजरे जेवतात म्हणून नव्हे, तर त्यांचे उरलेले रात्रभर तिथेच पडून राहते म्हणून.

सकाळची धार काढून झाली आणि चांगले उजाडले, की पहिले खाणे घालावे, आणि दुसरे संध्याकाळच्या धारेच्या आधी, ऊन असतानाच. उंदीर आणि घुशी मुख्यतः रात्री बाहेर पडतात, त्यामुळे दिवसा घातलेले आणि दिवसाच उचललेले अन्न त्यांच्या वाट्याला येत नाही. ताटली ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ती उचलायची, त्यात काही उरलेले असो वा नसो. पहिले काही दिवस मांजरे अर्धवट खाऊन निघून जातील आणि तुला त्यांची दया येईल. पण वेळ ठरलेली आहे हे त्यांना लवकर कळते आणि मग ताटलीचा आवाज होताच ती हजर होतात. उरलेले उकिरड्यावर टाकू नकोस, कारण उकिरडा गोठ्यापासून फार लांब नाही. पाण्याचे भांडे मात्र दिवसरात्र असू दे आणि त्यातले पाणी रोज बदल.

माप ठरवून घाल. साधारण चार किलोच्या मांजराला दिवसाला पन्नास ते साठ ग्रॅम कोरडे खाद्य पुरते, म्हणजे चौघांना मिळून पाव किलोच्या आत. दूध-भाकरीवर मांजर जगते असे आपण धरून चालतो, परंतु टॉरिन नावाचा जो घटक त्याच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागतो, तो मांस-मासळीतूनच मिळतो. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही. धारेनंतर चार थेंब द्यायची तुझ्या आजीची पद्धत मोडावी असे मी म्हणत नाही, पण ते जेवण समजू नकोस. उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याचे शिजवलेले चिकन, हाडे काढून, चालेल. कांदा-लसणाचा रस्सा कधीच नको, तो त्यांना विषासारखा असतो.

ताटली जमिनीवर ठेवलीस की मुंग्या, उंदीर आणि कुत्री ठरलेलीच. मुंग्यांसाठी पाणी घातलेल्या पसरट थाळीत ताटली ठेवली की पुरते. जाळीच्या कपाटाच्या पायांखाली आपण पाण्याच्या वाट्या ठेवत असू, तोच उपाय. बाकीच्यांसाठी साडेतीन फूट उंचीचा एका खांबावरचा फळीचा ओटा करून घे. नुसत्या उंचीने भागत नाही, कारण घरातला काळा उंदीर उत्तम चढतो. म्हणून खांबाला मधोमध गुळगुळीत पत्र्याचा नळा बसवावा आणि ओटा भिंतीपासून व दावणीपासून निदान तीन फूट दूर असावा. मांजर एका उडीत वर जाते. म्हातारी करडी मांजर मात्र जाणार नाही, तिला तू समोर उभी राहून खाली घाल. तिच्यासाठी एवढे करायला हरकत नाही.

कुत्र्यांचा मुद्दा आपल्या जुन्नर भागात हलका घेण्यासारखा नाही. अंधार पडल्यावर अन्नाचा वास सुटला की मोकाट कुत्री गोठ्याभोवती जमतात, आणि उसातला बिबट्या कुत्र्यांच्या मागावर येतो. उंदीर वाढले तर त्यांच्यामागे नाग-घोणसही येतात, आणि पहाटे अंधारात वैरणीत हात घालणारी तू असतेस. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने लेप्टोस्पायरोसिस पसरतो तो वेगळाच.

आता जे तुला आवडणार नाही ते लिहितो. उंदरांना मांजरांच्या ताटलीहून मोठे आमंत्रण सरकी पेंडीच्या आणि मक्याच्या भरड्याच्या पोत्यांचे आहे. ती जमिनीला आणि भिंतीला लावून ठेवतेस, तोवर मांजरांचे वेळापत्रक कितीही पाळलेस तरी उपयोग होणार नाही. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेव, आणि रोज लागणारे खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात काढ; प्लॅस्टिक उंदीर कुरतडतो. मांजरांचे खाद्यही पत्र्याच्याच डब्यात असावे. भिंतीतली बारीक भोकेही बुजव, कारण लहान उंदराला बोटभर फट पुरते. मोठी घूस मांजराच्या आवाक्याबाहेरची असते, मांजरे बहुधा लहान उंदीर आणि घुशींची पिल्लेच धरतात. तेव्हा घुशींच्या बिळांत काचा आणि सिमेंट भरणे हे तुलाच करावे लागेल.

विषाचे नाव काढू नकोस. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंद होऊन हिंडतो, आणि असा उंदीर मांजर सहज धरते. मग तेच विष मांजराच्या पोटात जाऊन आतून रक्तस्राव होतो. पिंजरे लाव.

शेळ्या गाभण आहेत म्हणून आणखी एक. मांजरांच्या, विशेषतः लहान मांजरांच्या, विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा जंतू पसरतो आणि त्याने शेळ्या गाभडतात. वैरण व भरडा झाकलेला असू दे, आणि गोठ्याच्या दूरच्या कोपऱ्यात घमेलेभर मऊ वाळू ठेवून ती रोज, हातमोजे घालून, साफ कर; विष्ठेतला जंतू बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची.

मांजरीला नऊ आठवड्यांत पिल्ले होतात आणि वर्षातून दोन-तीनदा होऊ शकतात. चाराची दहा झाली की माप, वेळ, ओटा सगळेच कोलमडेल, तेव्हा दोन्ही तरुण मांजरींची शस्त्रक्रिया पशुवैद्यांकडून करून घे, आणि त्याच वेळी चौघांना रेबीजची लस टोचून घे. ओट्याचा खांब आणि पत्रा वेल्डिंगवाल्याकडून या बाजारालाच करून घे. पत्र्याच्या कडा आत वळवायला सांग, नाहीतर उडी मारताना मांजरांचे पाय कापतील.

तुझे,
बाबा