बाबांच्या नव्या फोनमध्ये ई-सिम कसं न्यायचं

म्युनिक

ती. बाबांना सा. न. वि. वि.

नवा फोन आला, छान झालं. पण इथे येण्यासाठी घेतलेलं युरोपचं ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनमध्ये डाउनलोड होणारं सिम) जुन्या फोनमध्येच आहे. ते नव्यात सुरू होईपर्यंत जुन्यातलं डिलीट करू नका, आणि तो फोन एक्स्चेंजमध्येही देऊ नका. क्यूआर कोड स्कॅन झाला की कंपनीच्या सर्व्हरवरून फोनच्या चिपमध्ये प्रोफाइल (म्हणजे सिमची माहिती) उतरतं आणि तो कोड वापरला गेल्याची तिथे नोंद होते. बहुतेक कोड एकदाच चालतात. तोच कोड नव्या फोनने स्कॅन केलात तर नकारच येईल, आणि जुन्यातलं पुसलेलं असेल तर भरलेले पैसे अडकतील.

आधी नव्या फोनवर *#०६# डायल करा. ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर (ई-सिमच्या चिपची ओळख) दिसला तर पुढचं सगळं शक्य आहे. नसेल तर त्या फोनमध्ये ई-सिम चालणारच नाही.

दोन्ही आयफोन असल्यामुळे 'ॲड ई-सिम'मध्ये जवळच्या आयफोनवरून ट्रान्सफर करण्याचा पर्याय दिसेल. मात्र प्रवासी ई-सिम विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या ही सोय देत नाहीत. तसं झालं तर त्यांच्या सपोर्टला ऑर्डर नंबर, जुन्या ई-सिमचा आयसीसीआयडी (सिमचा स्वतःचा नंबर, ८९ने सुरू होतो) आणि नवा ईआयडी कळवून नवा कोड मागा. उरलेला डेटा नव्या कोडवर येईल का, हे स्पष्ट विचारा. काही कंपन्या आधी जुनं डिलीट करायला सांगतात. तसं सांगितलं तर ते लेखी मिळाल्यावरच करा.

कोड आला की घरच्या वायफायवरच इन्स्टॉल करा, विमानतळावर नको. कोड लॅपटॉपवर उघडा किंवा छापून घ्या, कारण फोन स्वतःच्या पडद्यावरचा कोड कॅमेऱ्याने स्कॅन करू शकत नाही. आणि कोड घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कुणी सहज म्हणून स्कॅन करून इन्स्टॉल केला तर ई-सिम त्याच्या फोनमध्ये जाईल.

इथे उतरल्यावर मोबाइल डेटासाठी प्रवासी ई-सिम निवडा आणि त्याचं डेटा रोमिंग चालू करा. इथेच बरेच जण अडकतात: रेंजच्या दांड्या दिसतात, नेट मात्र चालत नाही. हे ई-सिम स्थानिक नेटवर्कवर पाहुणं असतं, म्हणून रोमिंग लागतंच. तरीही नेट आलं नाही तर कंपनीच्या ईमेलमधलं एपीएन (नेट जोडणारी सेटिंग) तपासा. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा आणि 'मोबाइल डेटा स्विचिंग'ही बंद करा, नाहीतर फोन आपोआप त्या सिमचा डेटा घेऊ शकतो. बँकेचे ओटीपी मात्र त्याच नंबरवर येणार, तेव्हा निघण्याआधी त्याचं आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या.

कंपनीने नवा कोड नाकारला तरी डेटा वाया जात नाही. जुना फोन सोबत आणा, त्याचा हॉटस्पॉट लावला की नवा फोन चालेल. फक्त तुमच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला परवानगी आहे ना, ते बघा.

आईला नमस्कार. कळावे.

तुमचा मुलगा