चिऊचं घर मेणाचं

प्रिय सखी,

तुझं पत्र परवा मिळालं. छकुली पहिलीत घडाघडा वाचते, पण ‘गोष्टीत काय झालं गं?’ विचारलं की गप्प बसते, म्हणून तू रडवेली झालीस. अगं, पोर हुशार आहे. ती काळजी आधी मनातून काढून टाक.

गफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलं होतं, की वाचून समजणं हा गुणाकार आहे: अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नव्हे. एक बाजू लंगडी राहिली की दुसरी कितीही वाढवा, हाती थोडंच येतं. तुमच्याकडे सकाळी बाराखडी, संध्याकाळी शुद्धलेखन, आणि ‘आता ती स्वतः वाचते’ म्हणून रात्रीची गोष्ट बंद! ती गोष्ट आजपासून पुन्हा सुरू कर.

तिच्या डोळ्यांनी एकदा ‘विहिरीवर’ हा शब्द बघ. पहिली वेलांटी लिहायची ‘व’च्या आधी, म्हणायची मात्र नंतर. पुढे ‘ह’चं तेच. ‘र’ची वेलांटी पुन्हा उजवीकडे. हे सगळं जुळवत शब्दाच्या टोकाला पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात निसटून जाते. म्हणून तिला तेच पान तीन-चारदा वाचू दे. आधी तू बोट फिरवत वाच, मग दोघी मिळून, मग ती एकटी. अक्षरांचं ओझं हलकं झालं की मन अर्थाकडे वळतं. मी वर्गात सुरुवातीला म, क, र, ल आणि काना एवढंच घेते. त्यातून लगेच मका, काम, लाल, काल होतात. पोरांना पहिल्या आठवड्यातच खरे शब्द हाताला लागतात, आणि तो आनंद चेहऱ्यावर दिसतो.

आता माझ्या वर्गातलं सांगते. एका मुलाने चिऊ-काऊची गोष्ट न अडखळता वाचली. मी विचारलं, “काऊचं घर का वाहून गेलं?” म्हणाला, “पाऊस आला.” “मग चिऊचं का नाही गेलं?” गप्प. पाऊस तर दोघांवर पडला होता! माझ्या लक्षात आलं, मेण म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा आजूबाजूच्या वस्तूंनाच त्यांनी शिकवण्याची साधनं केलं. ते आठवून दुसऱ्या दिवशी मी घमेलं, ओलं शेण आणि मेणबत्तीचे तुकडे घेऊन गेले. मुलांनी दोन इवली घरं केली. तांब्याने पाणी ओतलं. शेणाच्या भिंती खचल्या, पाणी गढूळ झालं. मेणावरून थेंब नुसते घरंगळले. तो मुलगा कितीतरी वेळ उकिडवा बसून बघत होता.

तू घरी घमेलं मांडायलाच हवं असं नाही. पण गोष्टीत अनोळखी शब्द आला तर ती वस्तू दाखव, हाताळू दे. आणि प्रश्न शेवटी परीक्षेसारखे नकोत, मध्येच थांबून गप्पा मारल्यासारखे विचार. ‘घर कशाचं होतं?’ याचं उत्तर पुस्तकात असतं, ते पोपटासारखं येतं. ‘चिऊ दार लगेच का उघडत नव्हती? तू असतीस तर?’ याचं उत्तर तिला स्वतः शोधावं लागतं. विचारून झालं की मनातल्या मनात दहापर्यंत मोज. आपण फार लवकर उत्तर सांगून टाकतो, मीही कितीतरी वर्षं तेच केलं. आणि तिचं उत्तर वेगळं आलं तर ‘चूक’ म्हणू नकोस. ‘तुला असं का वाटलं?’ एवढंच विचार.

त्या मुलाचं राहिलंच. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत माझा पदर ओढून म्हणाला, “बाई, उन्हाळ्यात तर चिऊचं घर वितळेल ना? मग तिला काऊकडे जावं लागेल. तो दार उघडेल का?”

मी सुट्टीनंतर गणित बाजूला ठेवलं. सगळा वर्ग त्याच प्रश्नावर भांडत होता.

छकुलीला आज हीच गोष्ट सांग, आणि काऊ दार उघडेल की नाही ते विचार. ती काय म्हणते ते मला सविस्तर लिही. वाट बघते.

तुझीच,
बालमैत्रीण