सायकलला दीड मीटर जागा द्या, आणि ती नियमात लिहा : गोव्याच्या वाहतूकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वाहतूकमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात गणित शिकवतो. शाळेला सायकलने जातो. घरच्यांना घेऊन कुठे जायचे असले की गाडी काढतो. सायकलवाल्यांची बाजू घेऊन मोटारवाल्यांशी भांडण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. आपल्या हातात सध्या एक अधिकार आहे आणि तो कसा वापरावा याविषयी माझी एक मागणी आहे.

कोइमतूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाने २०१२ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्व राज्यांना आदेश दिला : मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) खाली सहा महिन्यांत नियम करून ते अधिसूचित करा. हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. इंजिन नसलेली वाहने आणि पायी चालणारी माणसे यांचा सार्वजनिक रस्त्यावरचा वावर कसा असावा, याचे नियम रस्तासुरक्षेसाठी राज्य सरकारला करता येतात. राष्ट्रीय महामार्ग असेल तिथे महामार्ग प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा लागतो. गोव्याचे हे नियम लिहिले जात असतील तर आताच, लिहून झाले असतील तर पहिल्याच दुरुस्तीत, त्यांत एक वाक्य यावे अशी माझी विनंती आहे. सायकलला ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाने मध्ये किमान दीड मीटर अंतर ठेवावे, आणि तेवढी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत मागे राहावे.

भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची. कलमाची भाषा सायकलींच्या ‘नियमना’ची आहे. टेबलावर बसून कुणी घाईत मसुदा केला, तर सायकलने कुठे जाऊ नये, कधी जाऊ नये, काय घालावे, एवढेच त्यात उरेल. सायकलवाल्याला रस्त्यावरून हटवले की रस्ता सुरक्षित झाला, असे कागदावर दिसेलही. पण ज्याला सायकलशिवाय दुसरे वाहन नाही त्याने कामावर जायचे कसे, याचे उत्तर त्या कागदात नसेल.

आपल्या राज्यात सायकल कोण चालवते हे आधी पाहायला हवे. रविवारी सकाळी रंगीत जर्सी घालून दोनापावल्याला जाणारे आपल्याला दिसतात, त्यांच्या बातम्याही येतात. पण उजाडायच्या आधी मागे पावांची टोपली बांधून, भोंगा वाजवत वाड्यावाड्यांतून फिरणारा पोदेर सायकलवर असतो. बांधकामावर जाणारा मजूर असतो, एकाच सायकलवर कधी दोघे. वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा असतो. औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून परतणारा कामगार असतो. माझ्या वर्गातली मुले असतात, आणि बाजाराच्या पिशव्या हँडलला अडकवून येणारे म्हातारेही असतात. यांतल्या बहुतेकांना सायकलप्रेमी म्हणवून घ्यायला वेळ नाही. त्यांची संघटना नाही आणि कुठल्या बैठकीला त्यांना बोलावणे जात नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. आज राज्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा पंधरा लाखांच्या पुढे गेला आहे. करोनाची दोन वर्षे वगळली तर रस्ते अपघातांत दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांत दुचाकीवरचे लोक सर्वांत जास्त असतात. सायकलवाले त्या आकड्यात थोडे दिसतात, कारण मुळात रस्त्यावर ते थोडे उरले आहेत. किती पालकांनी भीतीने मुलाची सायकल बंद करून त्याला स्कूटरवरून सोडायला सुरुवात केली, याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. शाळेच्या फाटकाशी ती मला रोज दिसते.

ओलांडण्याच्या त्या क्षणावर माझा इतका भर का, ते सांगतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत चालकाचा साधारण तेवढा एक सेकंद जातोच. त्या अंतरात सायकलवाल्याचे हँडल हातभर इकडे किंवा तिकडे गेले, तर कुणाच्याच हातात काही उरत नाही. आणि हँडल तेवढे हलतेच. सायकल तोल सावरत पुढे जाणारे वाहन आहे, त्यात चढावर पाय जोर लावू लागले की ती जास्त डुलते. शेजारून बस वेगाने गेली की आधी हवेचा धक्का बाहेर ढकलतो, मग बस पुढे सरताच आत ओढल्यासारखे होते. जुलैच्या पावसात, अंगावर रेनकोट फडफडत असताना, हे अनुभवलेला माणूस ते विसरत नाही.

‘मग कडेने का जात नाही?’ हा प्रश्न मोटारवाले नेहमी विचारतात, आणि तो रास्तही आहे. कडेला काय असते ते गाडीच्या काचेतून दिसत नाही. हॉटमिक्सिंगचे, म्हणजे गरम डांबरी मिश्रणाचे, थर एकावर एक चढत गेले आणि साईडपट्टी होती तिथेच राहिली, त्यामुळे डांबराच्या कडेला कित्येक ठिकाणी वीतभर उंचीची पायरी झाली आहे. सायकलचे चाक त्या पायरीवरून खाली गेले तर परत वर येत नाही. माणूस पडतो, आणि पडतो तो रस्त्यावरच्या गाड्यांच्या दिशेने. पहिल्या पावसानंतर कडेला वाळू आणि खडी वाहून येते. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा असतात. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असल्या तर चाक आत अडकते. शहरात कडेला उभ्या गाड्या असतात, आणि त्यांतल्या एखाद्याचे दार न बघता उघडले जाईल याचा धाक असतो. म्हणून जाणता सायकलवाला कडेपासून पाऊण मीटर आत चालतो. मागच्या चालकाला वाटते, हा रस्ता अडवतोय. तो पडणार नाही एवढीच जागा घेत असतो.

आता थोडा हिशेब, माझ्या विषयातला. दुपदरी रस्त्याची रुंदी सात मीटर धरू, म्हणजे एक पदर साडेतीन मीटरांचा. सायकलवाला कडेपासून पाऊण मीटरवर आहे. त्याचा उजवा कोपर साधारण १.१ मीटरवर येतो. त्यापुढे दीड मीटर सोडले की २.६ झाले. गाडीची रुंदी १.८ मीटर. बेरीज ४.४. म्हणजे गाडीला मधली रेघ जवळजवळ मीटरभर ओलांडावीच लागते. समोरून वाहन येत असेल तर सायकलला ओलांडण्याइतका रस्ता तिथे नसतोच. बस किंवा ट्रक असेल तर बोलायलाच नको. अशा वेळी मागे थांबले तर किती वेळ जातो? सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली आहे आणि दोनशे मीटर तिच्यामागे जावे लागले, तर ४८ सेकंद लागतात. तेच अंतर ताशी ५० ने गेले असते तर १४ सेकंद. फरक अर्ध्या मिनिटाचा आहे.

हिशेब मुद्दाम लिहिला, कारण आपले रस्ते अरुंद, इथे दीड मीटर कुठून आणणार, हा पहिला आक्षेप येईल. नियम खरा लागतो तो अरुंद रस्त्यावरच. पणजीतल्या पाटोपासून रायबंदरपर्यंतचा १६३४ च्या सुमाराचा बांध घ्या. तीन किलोमीटरहून थोडा लांब, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे. तो रुंद करा असे मी म्हणणार नाही. तिथे वेग कमी ठेवून सायकलमागे थांबणे एवढा एकच उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

जर्मनीने एप्रिल २०२० पासून वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर बंधनकारक केले. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत जानेवारी २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर, वेग वाढला तर अंतरही वाढते ठेवा, असे लिहिले आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने २०१४ मध्ये असा नियम आणताना एक शहाणपणाची गोष्ट केली : सायकलला ओलांडण्यासाठी, समोरचा रस्ता मोकळा दिसत असेल तर, मधली अखंड रेघ ओलांडायला चालकाला परवानगी दिली. आपल्याकडे वळणावळणाच्या रस्त्यांवर अखंड पांढरी रेघ मैलोन् मैल असते. दंड होईल या भीतीने चालक रेघेच्या आत राहतो आणि सायकलला घासून जातो. त्याला अशा पेचात टाकू नये. आपल्या नियमात या रेघेचा स्पष्ट उल्लेख हवा.

केंद्राच्या २०१७ च्या वाहन चालन विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घ्यावी असे बजावलेले आहे. पण काळजी मोजता येत नाही, अंतर मोजता येते. वाहन चालवण्याचे विनियम करणे हा केंद्राचा विषय आहे असा अभिप्राय विधी खात्याने दिला, तर गोव्याने तसा प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा. तोवरही कलम १८४ आहेच. नियम मोडून ओव्हरटेक करणे २०१९ पासून धोकादायक वाहन चालवण्यात धरले जाते. पणजीजवळच्या मेरशी जंक्शनवर २०२३ मध्ये बसवलेली सिग्नल यंत्रणा सिग्नल तोडणारे आणि हेल्मेट न घालणारे टिपते. २०१७ मध्ये ‘ट्रॅफिक सेंटिनेल’ योजनेतून नागरिकांकडून नियमभंगाची छायाचित्रे मागवली गेली होती. सायकलला चाटून जाणे हा नियमभंग आहे असे एकदा लिहिले गेले, की या व्यवस्थांना तोही पाहता येईल. कागदावर नसलेल्या गोष्टीची तक्रार पोलीस तरी कशी घेणार?

सायकलवाल्यांकडूनही मागणे आहे, आणि ते मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्गात सांगतो. अंधारात मागे लाल दिवा किंवा निदान रिफ्लेक्टर हवाच. कानात इअरफोन नको. वळण्याआधी मागे बघून हात दाखवावा. रविवारच्या गटांनी चारचार जणांनी समांतर चालत गप्पा मारू नयेत; मागे गाडी आली की एका ओळीत यावे. उलट्या दिशेने तर मुळीच जाऊ नये. मात्र शेवटच्या बाबतीत एक गोष्ट पाहावी. राष्ट्रीय महामार्ग ६६ चे चौपदरीकरण आणि सहापदरीकरण झाले तिथे दुभाजकात मोकळी जागा लांब लांब आहे. पलीकडच्या वाड्यावर जायला दूरचा वळसा पडतो, म्हणून मजूर उलट्या बाजूने कडेकडेने येतो. त्याला नुसता दंड केल्याने ते थांबणार नाही. त्याच्या रोजच्या वाटेवर पलीकडे जायला सोय करून द्यावी लागेल.

रस्ते आपल्या खात्याकडे नाहीत हे ठाऊक आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आणले आहे : रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हॉटमिक्सिंगच्या प्रत्येक निविदेत साईडपट्टी डांबराच्या पातळीला आणण्याचे काम धरले जावे आणि ते झाल्याशिवाय बिल निघू नये, एवढे मंत्रिमंडळात आपण सांगू शकता. रम्बलर, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या उंच पट्ट्या, घालताना डाव्या कडेला सायकलपुरती सपाट जागा सोडावी. आमच्या भागातल्या एका उतारावर रम्बलर कडेपर्यंत गेले आहेत. मुले ते चुकवायला मधोमध येतात, ऐन वळणावर.

भाड्याच्या गाड्यांचेही पाहावे. काळ्या पाटीची गाडी घेऊन आलेल्या पाहुण्याला आपले चढ, आंधळी वळणे, अचानक समोर येणारा पोदेर, यांची कल्पना नसते. किल्ली हातात देताना दोन वाक्ये सांगणे परवान्याच्या अटीत घालता येईल. सरकारी कदंब महामंडळाच्या आणि खासगी बसच्या चालकांना वर्षातून एकदा सायकलवर बसवून मागून एक बस जवळून न्यावी, असे मला मनापासून वाटते. अर्थात बंद मैदानात आणि बेताच्या वेगाने. हवेचा तो धक्का एकदा अंगावर घेतला की बाकी व्याख्यानाची गरज पडत नाही.

हे जमण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी स्पर्धा गोव्यात पहिल्यांदा झाली, तेव्हा ९० किलोमीटरच्या सायकल टप्प्यासाठी प्रशासनाने रस्ते मोकळे केले, पोलीस उभे केले, लोकांनीही समजून घेतले. ती स्पर्धा मला आवडते आणि ती चालू राहावी. रोजच्या सायकलवाल्यासाठी रस्ता बंद करायला कुणी सांगत नाही.

शेवटी मसुद्याबद्दल. राजपत्रात इंग्रजीत छापून हरकती मागवल्या, तर ज्यांच्यासाठी नियम आहे त्यांतला एकही जण लिहिणार नाही. मसुदा मराठीत आणि कोंकणीत काढा. मजुरांसाठी हिंदी आणि कन्नडही हवी. रायबंदर, चोडण, दिवाडीच्या फेरीधक्क्यांवर, पंचायतींच्या फलकांवर, औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवर, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आणि बेकऱ्यांत तो लावा. सुनावणी ठेवलीत तर ती संध्याकाळी ठेवा. सकाळी ही माणसे कामावर असतात. आमच्या शाळेतल्या सायकलने येणाऱ्या मुलांच्या सूचना लिहून पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला,
फोंडा तालुक्यातील एक माध्यमिक शिक्षक