खटला मागे घेण्यामागचा हात दिसू द्या

महोदय,

अमेरिकेच्या न्याय खात्यावरील राजकीय दबावाची चर्चा बहुधा व्यक्तींभोवतीच फिरते. चांगला अॅटर्नी जनरल, म्हणजे खात्याचा प्रमुख, आला की खाते रुळावर येईल, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही.

२० ऑक्टोबर १९७३ रोजी वॉटरगेट या राजकीय घोटाळ्याचा तपास करणाऱ्या आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढण्याचा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा हुकूम रिचर्डसन आणि रकल्सहाउस या खात्यातील पहिल्या दोघांनी मानला नाही, तिसऱ्या क्रमांकावरील बोर्क यांनी मानला. पुढे १९७५ मध्ये अॅटर्नी जनरल म्हणून एडवर्ड लेव्ही आले. त्यांनी खात्यातील वकिलांच्या वर्तनाची चौकशी करणारे कार्यालय उघडले आणि एफबीआय या तपास यंत्रणेला नियम घालून दिले. घडी बसली खरी, पण हे नियम खात्याचे अंतर्गत होते. पाळणाऱ्याने पाळले तरच ते चालणार.

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर एरिक अॅडम्स यांच्यावरील लाचखोरीचा खटला, पुन्हा दाखल करण्याची मुभा राखून, मागे घेण्याचा आदेश वरून आला, तेव्हा प्रभारी सरकारी वकील डॅनिएल सॅसून यांनी राजीनामा दिला. एप्रिलमध्ये न्यायाधीश डेल हो यांनी खटला कायमचाच निकाली काढला, कारण ती मुभा ठेवली असती, तर महापौरांची सुटका सरकारचे स्थलांतरितांविषयीचे धोरण राबवण्यावर अवलंबून आहे, असेच लोकांना दिसले असते.

मी स्वतः आपल्याकडे सरकारी वकील होतो. खटला मागे घेण्याच्या अर्जाचा टंकलिखित मसुदा वरूनच येई आणि त्यात ‘मी प्रकरणाचा स्वतंत्रपणे विचार केला आहे’ हे वाक्यही तयार असे. आम्ही फक्त सही करायची.

अॅटर्नी जनरलनी व्हाइट हाउसशी झालेल्या संपर्काची नोंदवही ठेवून ती खात्याच्या महानिरीक्षकांना द्यावी, अशी तरतूद असलेले विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले, मात्र सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. तो कायदा आधी व्हावा. आपल्याकडेही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली खटला मागे घेण्याचा अर्ज करताना सरकारशी झालेला सारा पत्रव्यवहार, वरून आलेल्या मसुद्यासह, न्यायालयापुढे ठेवणे सक्तीचे करावे. मग ते तयार वाक्य कोणी लिहिले, हे न्यायाधीशांनाही कळेल.

— एक निवृत्त सरकारी वकील, सातारा