मित्रास पत्र: नानांचं घर भाड्याने देण्याआधी

जळगाव

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. तुझे वडील, नाना, गेल्यावर इथल्या घराच्या वरच्या दोन खोल्या नि गाळा भाड्याने द्यायचा तुझा विचार आहे, त्याबद्दल लिहितोय.

तुझा अमेरिकेतला भाचा म्हणतो, घर कंपनीच्या नावावर करा. तिकडे त्यासाठी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढतात, म्हणजे भाडेकरूने भरपाईचा दावा लावला तरी मालकाच्या बाकी मिळकतीला सहसा झळ लागत नाही. इथे मात्र घर एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेच्या) नावावर करायचं तर आधी मुद्रांक शुल्क, मग दरवर्षीची विवरणपत्रं आणि सीएची फी. वरच्या दोन खोल्या नि एका गाळ्याच्या भाड्यातून एवढं सोसायचं कशाला? एचयूएफच्या, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, नावावर दाखवण्यातही अर्थ नाही. नानांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घर मृत्युपत्राविना वारसांकडे आलं, की ज्याचा-त्याचा हिस्सा वैयक्तिक. 1986 च्या चंदर सेन निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे. प्रॉपर्टी कार्डावर अजून नानांचंच नाव आहे. आई हयात नाहीत, म्हणजे तू, धाकटा आणि ताई, तिघांचा एक-एक तृतीयांश. ताई सासरी सुखात आहे म्हणून तिचा हिस्सा संपत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन भूमी अभिलेखकडे वारसनोंद लावा, महापालिकेत घरपट्टीवरचं नावही बदला. नोंदीने मालकी मिळत नाही, पण पुढचा प्रत्येक कागद तिच्यावरच अडतो. मग करारावर तिघांच्या सह्या, नाहीतर तुम्ही दोघांनी धाकट्याला नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्यायचं. त्यात भाडं घेणं, करार करणं, कोर्टात उभं राहणं एवढंच लिहा; विक्री आणि गहाण स्पष्ट वगळा. "तू बघून घे रे भो" एवढ्यावर भावाभावांतच बिनसतं.

भाडं हिश्शाप्रमाणे तिघांच्या खात्यात जाऊ दे. आयकर विवरणपत्रात प्रत्येकाने आपापला तृतीयांश दाखवायचा. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यातून सरसकट 30 टक्के वजावट. रंगरंगोटीची बिलं जपायची गरज नाही, खर्च कमी होवो की जास्त.

आता करार. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय आणि तो चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नसला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, उलट तू सिद्ध करेपर्यंत. शंभर-पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून दिलेला कागद इथेच उघडा पडतो.

खर्चही फार नाही. समजा महिना 9,000 भाडं, 24 महिने: 2,16,000. अनामत 30,000, तिच्यावर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं दोन वर्षांचं व्याज 6,000. एकूण 2,22,000 वर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के म्हणजे 555, शंभराच्या पटीत 600. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. ऑनलाइन नोंदणीत आधारवर ओळख पटते, त्यामुळे तुला पुण्यातून सही करता येईल. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही त्याच वेळी कळव.

करार 'लिव्ह अँड लायसन्स'चाच कर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं, आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने पैसे मागता येतात. मात्र ही जवळची वाट फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. म्हणून गाळ्याचा करार वेगळा कर, वरच्या खोल्यांबरोबर एका कागदात बांधू नकोस.

मागच्या खोलीतले मास्तर नानांच्या वेळचे, त्यांना लायसन्सच्या कागदात ओढायचा खटाटोप नको. ते भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेले भाडेकरू आहेत. वर्षाला 4 टक्के वाढ कायद्यात बसते, तेवढी घे आणि दरमहा पावती दे. भाडं थकलं तर आधी लेखी नोटीस, नंतर 90 दिवस थांबायचं, मगच दावा. वैतागून पाणी-वीज तोडलीस तर कोर्टात तूच आरोपीसारखा उभा राहशील.

विजेकडे लोक बघतच नाहीत. समज वरच्या खोलीत कुणी पार्लर किंवा शिकवणी सुरू केली. मीटर घरगुती, नाव नानांचं. महावितरणची तपासणी आली की वीज कायदा 2003, कलम 126 नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. वापर कधीपासून सुरू झाला ते ठरत नसेल तर मागच्या 12 महिन्यांची. बिल येतं मीटरधारकाला. तेव्हा करारात 'फक्त राहण्यासाठी' असं लिही आणि गाळ्याला व्यापारी मीटर वेगळं घे. ताबा देताना नि घेताना रीडिंगचा फोटो काढायचा.

आणि कूलर! मे महिन्यात इथे पारा 44-45 ला टेकतो, प्रत्येक खिडकीत कूलर बसतो. टाकी भरून वाहते, पाणी चौकटीखालून भिंतीत मुरतं, पावसाळ्यात प्लास्टर फुगून सुटतं आणि अनामतीवरून भांडण पेटतं. कूलरची खिडकी तूच ठरवून दे. स्टँड भिंतीपासून चार बोटं सुटा, ओव्हरफ्लोची नळी गटारीपर्यंत, स्वतंत्र प्लग आणि एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच). भिंतींचे फोटो, पंखे, नळ, किल्ल्या यांची यादी कराराला जोडून दोघांच्या सह्या घे.

ताईशी फोनवर नको, समोर बसून बोल. गाळ्याचा मसुदा झाला की सही करण्याआधी मला पाठव.

तुझा,
अरुण