स्वेटरवाल्या काकूंना

काकू,

तुमच्या छातीवर नावाची पट्टी होती, पण ते नाव इथं चारचौघांत लिहिणं बरं नव्हे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या ब्रॅन्सन गावच्या एका थिएटरात हातात टॉर्च घेऊन लोकांना खुर्च्या दाखवणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या काकू, एवढी ओळख पुरे. पत्र मराठीत आहे, कारण भांडायचं किंवा आभार मानायचं झालं की मला मराठीच सुचतं. माझी लेक तुम्हाला इंग्रजीत वेगळं लिहिणार आहे. ते नीटनेटकं असेल.

तुमच्याकडे शोला आलो, त्या दिवशीच्या दुपारचं आधी सांगते. शेजारच्या आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिलहून डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यानं आम्ही पोचलो आणि ‘निम्म्या दरात तिकिटं’ अशी पाटी बघून एका टपरीपाशी थांबलो. तिकिटं निम्म्या दरात, पण आधी कुठल्याशा रिसॉर्टमधला हिस्सा कसा फायद्याचा यावर भाषण ऐकायचं. नको म्हटलं. पूर्ण पैसे भरून दुसऱ्या एका थिएटरात दुपारच्या शोला गेलो. तिथं दोन-तीन गाणी होतात न होतात तोच एक तरतरीत मॅनेजर आला आणि गोड हसून म्हणाला, आजोबांना लॉबीत जास्त आरामात बसता येईल. आराम कोणाला हवा होता ते आम्हाला कळलं. उरलेला शो लॉबीतल्या टीव्हीवर पाहिला. त्याचा आवाज बंद होता.

बाबांचा गुन्हा काय, तर ते ठेका धरत होते.

वाईजवळच्या आमच्या गावात बाबा शाळामास्तर, आणि भजनी मंडळाचा तबला त्यांच्याकडे. हयातभर. अर्धांगवायूनं वाचा गेली आणि उजवा हात गेला, म्हणजे तबला गेला. डावा शाबूत आहे, म्हणजे डग्गा उरला. कुठं गाणं लागलं की तो हात आपोआप चालू होतो, टेबल असो, मांडी असो, नाहीतर खुर्चीचा हात. त्यातून डाव्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे. बोट सुजल्यामुळे ती निघत नाही. लाकडावर ती कशी वाजते ते तुम्ही ऐकलंच.

संध्याकाळी मी घरी परतायच्या गोष्टी करत होते. आई अडून बसली. तिला या गावाची हकिगत नवऱ्यानं गाडीत सांगितली होती आणि ती तिला फार पटली होती. १९५८ साली टेबल रॉक धरण झालं, लोक तळ्यावर मासे धरायला येऊ लागले, पण अंधार पडल्यावर करायचं काय? १९५९ मध्ये मेब आडनावाच्या भावांनी कपडे धुण्याची फळी आणि पत्र्याचा टब वाजवत तळ्याकाठी खेळ सुरू केला. पुढे १९६७ मध्ये प्रेस्ली कुटुंबानं ७६ नंबर हायवेवर पहिलं थिएटर बांधलं, तेव्हा जमीन मुद्दाम सपाट ठेवली. खेळ नाहीच चालला तर बोटी ठेवायला गोदाम होईल! आज बारा-तेरा हजार वस्तीच्या या गावात तो हायवे थिएटरांनी भरलाय. आपल्याकडे तमाशाचे फड जसे घराण्यात चालतात तसं इथंही आजोबा, मुलगा, नात एका रंगमंचावर. आई म्हणाली, पोटासाठी वाजवणारी माणसं आहेत ही, वाजवणाऱ्याला हाकलणार नाहीत. मी मनात म्हटलं, दुपारी हाकललंच की.

तुमच्या थिएटरात मात्र शो सुरू झाला आणि मी बाबांच्या हाताकडेच बघत बसले. बॅन्जो, फिडल आणि तो उभा, माणसाएवढा बास. त्या बासच्या ‘ढुम्’वर बाबांचा डग्गा बरोबर पडत होता. केरवा सरळ बसतो या संगीतावर, हे मला तोवर माहीत नव्हतं. टक, टक, टक. पुढच्या रांगेतले गृहस्थ एकदा वळले, दोनदा वळले, मग हात वर करून त्यांनी तुम्हाला बोलावलं. मी व्हीलचेअरचा ब्रेक काढला होता, काकू. पर्स खांद्याला लावली होती.

तुम्ही आलात, त्या गृहस्थांचं ऐकून घेतलंत, मग बाबांच्या हातावर टॉर्च मारलात. हाताकडे पाहिलंत, स्टेजकडे पाहिलंत, पुन्हा हाताकडे. मग टॉर्च बगलेत धरून अंगातला राखाडी स्वेटर काढलात, त्याची चौघडी घातलीत, बाबांचं मनगट उचलून ती खाली सरकवलीत आणि त्यांच्या बोटांवर हलकेच दोनदा थोपटलंत. चालू द्या.

अंगठीचा आवाज थांबला, ठेका थांबला नाही. एसी किती गार होता! आईनं शाल घट्ट लपेटली होती आणि तुम्ही अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजवर शो संपेपर्यंत दाराशी उभ्या होतात.

मॅनेजर, डॉक्टर, विमानतळावरचे बाबू, पुण्यातल्या ज्या नाट्यगृहात ‘पेशंटला कशाला आणता’ असं ऐकवलं गेलं तिथले लोक, सगळ्यांनी बाबांच्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना आजार दिसला. तुम्हाला तो हात तालात आहे हे दिसलं. मला एवढंच म्हणायचं होतं. बाकी पत्र पाल्हाळ आहे.

भक्तिगीतं सुरू झाली तेव्हा आईनं चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि हात जोडले. एक शब्द कळत नव्हता तिला. विनोदवीर मात्र तिला अजिबात आवडला नाही, ढगळ पँट आणि रंगवून काळा केलेला दात, शी म्हणाली. माजी सैनिकांना उभं राहायला सांगितलं तेव्हा साऱ्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या, आणि आमच्यावर तक्रार करणारे ते पुढचे गृहस्थही त्यात उभे होते. बाबांनी त्यांच्यासाठी मांडीवर थाप दिली. माणसं अशी चांगली आणि चिडकी एकत्रच असतात म्हणा. मध्यंतरात तेच मागे वळून ‘तुमचे वडील ड्रमर होते का’ असं विचारत होते. स्वेटर मधे आला नसता तर त्यांनी हे विचारलं असतं का, कोण जाणे.

याच गावात शोजी ताबुची नावाच्या जपानी माणसानं फिडल वाजवून स्वतःचं थिएटर उभं केलं, असं परतताना नवरा सांगत होता. बाबा मागच्या सीटवर जागे होते. त्यांनी एक हुंकार दिला. आमच्या घरात हल्ली तो ‘वा’ समजला जातो.

नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडे नाताळचे शो सुरू होतात ना, तेव्हा आम्ही येतोय. आई तुमच्यासाठी एक स्वेटर विणतेय. माप अंदाजानं घेतलंय, बाह्या लांब झाल्या तर दुमडून घाला. आणि तुमची ड्यूटी कुठल्या वारी असते तेवढं लेकीला कळवा, म्हणजे तिकिटं त्याच दिवसाची काढू. कडेची खुर्ची लागेल.

तुमची,
ठेका धरणाऱ्या आजोबांची मुलगी