स्मरण : संशोधन निधीची पाकिटं शनिवारपर्यंत द्या

सर्व सभासद मैत्रिणींना नमस्कार.

स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी जमवत असलेल्या निधीची पाकिटं येत्या शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत हॉलवर आणून द्यावीत. रक्कम परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाला द्यायची आहे.

"उपचाराला द्या की, संशोधनाला कशाला?" असं मागच्या सभेत दोघींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. याच टाटाच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांवर १,६०० बायकांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचायचं, म्हणजे दाताचे डॉक्टर हिरडीत देतात तेच भुलीचं औषध. ५ वर्षांनंतर इंजेक्शन न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के. खर्च शंभर रुपयांच्या आत! इतक्या स्वस्त औषधावर कुठली कंपनी पैसा लावणार?

पाकिटावर नाव, रक्कम आणि पॅन नंबर वाचता येईल असा लिहा. गेल्या वर्षी एकीने नुसतं "दुसरा मजला" लिहिलं होतं. ती पावती अजून माझ्या कपाटात आहे. २,००० रुपयांच्या वर रोख दिल्यास प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, तेव्हा चेकच द्या.

फराळ विक्रीचा नफाही यातच जाईल. चकल्या अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरून आणा. डबे नकोत, झाकणांची अदलाबदल होते आणि मग दिवाळीभर फोन येत राहतात.

– चिटणीस